चौथ्या प्रकरणातला बाप

आमच्या घरात कोणाचं कोणाशी बिनसलंय हे कळायला तोंडं बघावी लागत नाहीत. दारामागचे खिळे बघायचे. तिथे चार खिळे आहेत: बाबांचा, आत्याचा, माझा आणि धाकट्या भावाचा. प्रत्येकावर ज्याची त्याची घराची किल्ली. बाबांना कोणाचा राग आला की ते ओरडत नाहीत, आदळआपट करत नाहीत, जेवण तर मुळीच सोडत नाहीत. ते सकाळी उठून दाराचं लॅच बदलतात. कुलूप-किल्ल्यांचं दुकान आमचंच, घराच्या खालीच, त्यामुळे मालाला तोटा नाही. नवं लॅच बसलं की नव्या किल्ल्या खिळ्यांवर येतात. ज्याचा खिळा रिकामा, त्यानं काय ते समजून घ्यायचं.

एकदा आत्याचा खिळा रिकामा राहिला. तिनं पाहुण्यांसमोर बाबांच्या घोरण्याची नक्कल केली होती, आणि ती इतकी हुबेहूब होती की पाहुणे दचकले. संध्याकाळी तिनं ‘दादा, चुकलं’ म्हटलं, किल्ली मिळाली. एकदा माझा राहिला. एक गिऱ्हाईक किल्लीची डुप्लिकेट करून घ्यायला आलं आणि मूळ किल्ली घरी विसरून आलं. मी विचारलं, ‘किल्लीबरोबर आणखी काय काय घरी राहिलंय?’ माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. पण दुकानातल्या यंत्रावर किल्ल्या मीच कापते. दुपारी माझी मीच कापली, खिळ्यावर अडकवली. बाबांनी बघितलं, मिशीत हसले आणि विषय मिटला. म्हणजे ही पद्धत वाईट नव्हती. आमच्या घराला ती सोसत होती, आमचा डॉक्टर चौथ्या प्रकरणावर येईपर्यंत.

डॉक्टर म्हणजे माझा भाऊ. तो पीएचडी करत होता, आणि इतकी वर्षं करत होता की विद्यापीठाची वाट न बघता गल्लीनंच त्याला पदवी देऊन टाकली. आमची आई गेली तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून बाबा आणि तो एकमेकांशी सरळ बोलायचे थांबले. भांडण नाही, काही नाही. दोघांचं बोलणं आई वाहून नेत होती, ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. एकाच टेबलाशी बसून बाबा म्हणणार, ‘त्याला म्हणावं मीठ इकडे दे.’ आणि तो म्हणणार, ‘ताई, त्यांना सांग, संपलंय.’ मी मधे बसून मान इकडून तिकडे वळवायची.

बाबांनी त्याला हिशेबाचा कोर्स करायला पाठवलं होतं, पुढेमागे दुकानाला उपयोगी पडेल म्हणून. विद्यापीठात त्या कोर्सच्या प्रवेशाच्या खिडकीवर ही रांग! शेजारच्या खिडकीवर कोणी नव्हतं आणि वर पंखा होता. हा पंख्याखाली जाऊन उभा राहिला. ती खिडकी अरबी भाषेची निघाली. घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, ‘त्याला विचार, हिशेब शिकायला पाठवला तर हा उजवीकडून डावीकडे लिहायला कसा शिकून आला?’ पण खरं सांगते, त्या भाषेनं पोराला वेड लावलं. भांडी घासतानाही तो कविता म्हणायचा. अर्थ कळत नसला तरी ऐकायला बरं वाटायचं. पुढे तो तिथेच संध्याकाळचे वर्ग शिकवायला लागला आणि प्रबंधाच्या नादी लागला.

प्रबंधाचं नाव ‘आधुनिक अरबी कवितेतील प्रतीकपात्रांचे मनोविश्लेषणात्मक आकलन’. हे एका दमात म्हणता येतं, पण आधी पाणी प्यावं लागतं. मी म्हटलं, ‘मला कळेल असं सांग.’ तो म्हणाला, ‘ताई, त्या कवींवर वेळच तशी आली होती. कोणाचा देश सुटला, कोणाला बोलायची चोरी. मग कवी ‘मी’ म्हणत नाही. तो एक पात्र उभं करतो, त्याचा मुखवटा चढवतो आणि त्याच्या तोंडून स्वतःचं बोलतो. मी विचारतो, हाच मुखवटा का? त्याच्या नेणिवेत, म्हणजे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं अशा मनात, काय दडलंय म्हणून त्यानं हेच पात्र निवडलं?’ आता हे मला पटलं. त्याला स्वतःलाही ते थोडं लावून बघ म्हणणार होते, पण तो फार खुशीत होता.

त्याचा एक खास कवी होता. देश सोडून परक्या शहरात राहिलेला आणि तिथेच गेलेला. घरात आम्ही त्यांना ‘आपले कवी’ म्हणायचो. आपल्या कवींच्या कवितेत तीन पात्रं पुन्हा पुन्हा येतात: कधी किनाऱ्याला न उतरणारा खलाशी, खिडकीतली बाई आणि द्वारपाल. ही आम्हाला समजावीत म्हणून डॉक्टरनं ती घरातल्या माणसांना वाटून टाकली. खलाशी तो स्वतः. आता हा मनुष्य झोपाळ्यावर बसला तरी त्याला मळमळतं, पण ते जाऊ दे. खिडकीतली बाई आत्या. हे मात्र फारच जमलं होतं, कारण आत्या उजाडल्यापासून खिडकीत असते आणि गल्लीत कोणी काय आणलं, किती आणलं आणि कोणाला न देता खाल्लं, हे तिला ठाऊक असतं. द्वारपाल अर्थातच बाबा.

‘आणि मी?’ मी विचारलं.

‘तुझ्यासाठी पात्र नाही, ताई.’

‘का बरं?’

‘तू प्रतीक नाहीस. तू खरी आहेस.’

हे त्यानं इतक्या प्रेमानं सांगितलं की चिडावं की हसावं कळेना. म्हणजे बाकीचे कवितेत आणि मी भांड्यात! मी म्हटलं, ‘खरी आहे ना, मग तो कचरा खाली नेऊन टाक, तोही खराच आहे.’

बरं, हे मनोविश्लेषण घरात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. समोरच्या शिवणवाल्या काकू, याला सगळे डॉक्टर म्हणतात म्हणून, गुडघा दाखवायला आल्या. यानं गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘दुखायला लागला तेव्हा घरात कोणाचा राग आला होता?’ काकू म्हणाल्या, ‘सुनेचा.’ आणि मग जो पाढा सुरू झाला तो चहा दोनदा गरम करेपर्यंत चालला. जाताना काकू जिना धडाधडा उतरल्या. तेव्हापासून त्या आठवड्याला येतात, गुडघा दुखो न दुखो. दूधवाल्याला त्यानं त्याची स्वप्नं विचारली. दूधवाल्यानं दुसऱ्या दिवसापासून पिशवी बाहेर दाराला अडकवून जायला सुरुवात केली.

तर चौथं प्रकरण. त्याच्या गाइडबाईंनी सांगितलं होतं, की घरच्यांना वाचून दाखवा, त्यांना समजलं तर परीक्षकांनाही समजेल. म्हणून एका दुपारी त्यानं आत्याला आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. बाबा पलीकडच्या खोलीत कसल्याशा जुन्या किल्लीवर कानस मारत बसले होते. मधली भिंत म्हणजे नावाला भिंत. डॉक्टर वाचत होता: ‘द्वारपालाच्या कमरेला साऱ्या किल्ल्या आहेत, पण तो एकही दार उघडत नाही. हा द्वारपाल म्हणजे पिता. खलाशी समुद्रावर भटकतो तो समुद्राच्या ओढीनं नव्हे, तर दार बंद आहे म्हणून. कवीला मुक्त व्हायचं असेल, तर द्वारपालाचा वध अटळ आहे.’

पलीकडे कानस थांबली.

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मी कपाळाला हात लावला. आमचा शहाणा पान उलटून पुढे वाचतच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला नवं लॅच होतं आणि डॉक्टरचा खिळा रिकामा.

दोन-तीन दिवसांनी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून बाबांनी मला हळूच विचारलं, ‘वध म्हणजे... नक्की काय करणार आहे तो?’

‘अहो बाबा, कागदावर!’

‘कागदावर म्हणजे? लिहून देणार?’

‘तसं नाही हो. मनातल्या मनात मारायचं असतं. शास्त्र आहे ते.’

बाबांनी गल्ल्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, ‘मनातल्या मनात म्हणजे रोजच मारतो म्हणायचं.’ मी यंत्र चालू केलं, कारण त्याच्या आवाजात कोणी काही विचारत नाही.

ही गोष्ट आत्याच्या तोंडून शिवणवाल्या काकूंकडे गेली आणि काकूंकडून गल्लीभर. काकूंनी ती अशी सांगितली, की त्यांच्या परीक्षेत बापाला मारावं लागतं, नाहीतर पास करत नाहीत. कोपऱ्यावरचा न्हावी बाबांची दाढी करताना म्हणाला, ‘मालक, सांभाळून राहा.’ वस्तरा हातात धरून म्हणाला. बाबा अर्धी दाढी करून घरी आले.

डॉक्टरला मी म्हटलं, ‘सॉरी म्हण आणि किल्ली घे.’ तर त्याचे डोळे चमकले. ‘ताई, तुझ्या लक्षात येतंय का? माझा सिद्धान्त घरात सिद्ध झाला! द्वारपाल दार बदलत नाही, कुलूप बदलतो.’ आणि त्यानं ते वाक्य तळटीप म्हणून प्रबंधात घातलं. पण त्या रात्री जेवताना त्याचं पानावर लक्ष नव्हतं. जाता-येता रिकाम्या खिळ्याकडे बघत होता. सिद्धान्त सिद्ध झालेला माणूस असा दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, तू किल्ल्या कापतेस ना, मग त्याला एक कापून का दिली नाहीस? दिली! त्याच दिवशी दिली. त्यानं ती परत माझ्या हातात ठेवली. ‘चोरीची नको,’ म्हणाला.

मग सुरू झाली बेल. डॉक्टर सकाळी वाचनालयातून आला, बेल. संध्याकाळी वर्ग घेऊन आला, बेल. छत्री विसरला, बेल. आत्या खिडकी सोडत नाही, तिला तिची गादी धरून ठेवावी लागते. बाबा घरात असले की बेल ऐकून पेपर आणखी वर धरतात. उरलं कोण? मी पीठ मळलेले हात पुसत जायची, डोक्याला टॉवेल गुंडाळून जायची, खालून दुकानातून वर धावत यायची. एकदा मी तापानं फणफणले होते तेव्हाही मीच उठले, आणि दार उघडलं तर हा म्हणतो, ‘अगं, तुला ताप आहे, झोपून राहायचं ना!’ तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, ‘तुमच्या कवितेत दाराच्या बेलला पात्र दिलंय का रे? नसेल तर ते मला दे.’

बाबांनाही सोडलं नाही मी. ‘द्या ना त्याला किल्ली. किती ताणायचं?’

‘मागितली का त्यानं?’

‘बाबा, तो...’

‘मागितली का?’

डॉक्टरकडे गेले. ‘अरे, माग ना! एक शब्द टाकायला काय जातंय?’ तर हा म्हणतो, ‘द्वारपालाकडे किल्ली मागायची नसते, ताई. आपल्या कवींच्या अख्ख्या कवितेत कोणीही मागत नाही.’ एकाला किल्ली हातात घेऊन बसायचं होतं आणि दुसऱ्याला दारात उभं राहायचं होतं. दोघांपुढे हात टेकले मी.

आणि मग ती नोकरीची बातमी आली. दुसऱ्या एका शहरातल्या कॉलेजनं त्याला सांगितलं, की पदवी मिळाली की रुजू व्हा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या संध्याकाळी जिन्यात तो मला म्हणाला, ‘ताई, मी काही मागणार नाही. व्हायव्हाच्या दिवशीही खिळा रिकामा असेल तर मी जाईन तो जाईन. परत कशाला येऊ? बेल वाजवायला?’ तो हे चिडून म्हणाला असता तर मी दोन ठेवून दिल्या असत्या. तो अगदी शांतपणे म्हणाला. आई गेल्यावर या दोघांना एका टेबलाशी बसवून ठेवलं होतं मी, कसंबसं, मिठाच्या निरोपांवर. आता एक उठून जाणार आणि दुसरा पेपर आणखी वर धरणार. आणि मी दार उघडायला कोणासाठी जाऊ? मला भीती वाटली. जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला भ्याले नाही, पण त्या रिकाम्या खिळ्याला भ्याले.

व्हायव्हा, प्रबंधाची तोंडी परीक्षा, खुली असते. म्हणजे कोणीही येऊन बसावं, ऐकावं आणि शेवटी वाटलं तर प्रश्न विचारावा. मी बाबांना म्हटलं, ‘उद्या मी जाणार आहे, दुकान बंद ठेवा.’ ते म्हणाले, ‘मीही येतो.’

‘तुम्ही कशाला?’

‘वध माझा आहे. मला कळायला नको?’

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. कमरेला मात्र नेहमीचा किल्ल्यांचा जुडगा, तो त्यांचा अंघोळीलाच काय तो सुटतो. विभागाच्या दारात शिपायानं तो बघितला आणि म्हणाला, ‘बरं झालं आलात, हॉलची किल्ली मिळत नव्हती.’ खरोखरच सगळे बाहेर उभे होते. गाइडबाई, विभागप्रमुख, बाहेरून आलेले परीक्षक, आणि हातात प्रबंध घेतलेला आमचा डॉक्टर. बाबांना बघून त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात कोणाच्या तरी खिशात किल्ली सापडली आणि आम्ही आत जाऊन मागच्या रांगेत बसलो.

परीक्षक गोल चेहऱ्याचे, डुलकी लागल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. बिस्किटांच्या झाकलेल्या ताटलीवर त्यांची नजर होती. पण डॉक्टर बोलायला लागला आणि ते सावरून बसले. काय सांगू, छान बोलला माझा भाऊ! खलाशाबद्दल बोलताना त्याचा आवाज असा लागला की मला वाटलं, याला उगाच कचरा टाकायला लावला. परीक्षकांनी विचारलं, ‘द्वारपाल पिताच कशावरून? त्या देशांत कवीला राज्यकर्त्यांची भीती होती. द्वारपाल म्हणजे सत्ता, असं का म्हणू नये?’ डॉक्टर म्हणाला, ‘म्हणावं, सर. पण सत्तेच्या दारातून माणूस पळून जातो. हा खलाशी पळून जात नाही. तो पुन्हा पुन्हा त्याच दारासमोरून जहाज नेतो.’ परीक्षकांनी मान डोलावली. बाबा जागेवर हलले आणि कमरेचा जुडगा खळ्ळकन वाजला. हॉलमधल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

शेवटी विभागप्रमुख म्हणाले, ‘सभागृहातून कोणाला प्रश्न?’ हे विचारायचं असतं म्हणून विचारतात. कोणी विचारत नाही, सगळ्यांना चहा हवा असतो. बाबा उभे राहिले.

‘मला एक विचारायचंय,’ ते म्हणाले. ‘त्या द्वारपालाला मारायचं तर मारा. पण त्याआधी कोणी त्याच्याकडे किल्ली मागून बघितली होती का?’

विभागप्रमुख म्हणाले, ‘हा प्रश्न विषयाला धरून...’

‘फारच धरून आहे,’ परीक्षक म्हणाले. त्यांची नजर बाबांच्या कमरेवर खिळली होती.

डॉक्टरनं चष्मा काढला. तो चष्मा काढतो तेव्हा अजून शाळेतला दिसतो. ‘नाही,’ तो म्हणाला. ‘कवितेत कोणीही मागत नाही.’

‘का नाही?’

‘मागितली आणि दिली नाही, तर? न मागता राग धरून बसता येतं. मागितल्यावर सगळं उघडं पडतं.’

बाबांनी कमरेचा जुडगा मुठीत धरला. मग म्हणाले, ‘आणि तो द्वारपाल किल्ली हातात घेऊन बसलाय, हा आज मागेल, उद्या मागेल म्हणून. त्याचं लिहिलंय का कोणी?’

आणि माझं डोकं फिरलं. हे दोघं आज, या परक्या लोकांसमोर, माईक लावून बोलणार, आणि इतके दिवस मी! मी ताडकन उठले. ‘आणि दार कोण उघडतं? हा बाहेर उभा, तुम्ही आत बसलेले, एकाला मागायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि पीठ लागलेल्या हातांनी धावत कोण येतं? ताप आलेला असताना कोण उठतं? तुमच्या त्या कवींच्या दारात दार उघडणारं माणूसच नाही का?’

परीक्षकांनी गाइडबाईंना विचारलं, ‘या कोण?’

डॉक्टरच म्हणाला, ‘माझी बहीण, सर. हिच्यासाठी... पात्र नाही.’

‘मग ही प्रबंधातली उणीव आहे,’ परीक्षक म्हणाले आणि त्यांनी खरंच कागदावर काहीतरी लिहून घेतलं. ‘निदान एक तळटीप घाला.’

लोक हसले. डॉक्टर हसला नाही. तो व्यासपीठावरून सरळ बाबांकडे बघत होता, मला मधे न घेता. ‘बाबा,’ तो म्हणाला, ‘मला किल्ली पाहिजे.’

‘इथे नाही आणली,’ बाबा म्हणाले. ‘घरी चल.’

पदवीची शिफारस झाली, टाळ्या झाल्या, बिस्किटांवरचं झाकण निघालं. मी कोणाशी न बोलता तडक दुकानात आले. डोळे पुसले आणि यंत्रावर बसले, सकाळपासूनची कामं पडली होती. थोड्या वेळानं ते दोघं आले. बाबांनी फळीवरून एक नवं लॅच उचललं आणि माझ्याकडे न बघता वर गेले. मला वाटलं, बरोबर आहे, किल्ली द्यायची तर नवं लॅच बसवूनच देणार. एरवी मी खाली कामात असले की बाबा माझी नवी किल्ली दुकानात आणून देतात. मी वाट बघितली. गिऱ्हाइकं आली, गेली. शटर ओढायची वेळ झाली. किल्ली काही आली नाही.

तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. भर सभेत ओरडले होते मी बाबांवर. घोरण्याच्या नकलेवरून ज्यांनी बहिणीची किल्ली अडवली, ते हे सोडतील? वर गेले. जुनी किल्ली घालून बघितली, फिरली नाही. छान! एकाचा खिळा भरला, दुसऱ्याचा रिकामा झाला. खाली जाऊन हत्यारं आणली असती तर ते लॅच उघडायला मला काही वेळ लागला नसता. गेले नाही. जिन्यात उभी राहिले, रागानं आणि त्याहून जास्त वाईट वाटून. मग बेल वाजवली. अगदी डॉक्टर वाजवायचा तशी, दाबून.

आत धावपळ ऐकू आली. ‘थांबा, मी उघडतो.’ ‘तू सरक, नवं लॅच आहे, तुला जमणार नाही.’ ‘अहो बाबा, हात काढा, अडकतंय!’ काहीतरी आपटलं. दार उघडलं तेव्हा दोघंही दारात होते, एकमेकांच्या पायावर पाय देऊन.

दारामागे तीन किल्ल्या लटकत होत्या. माझा खिळा रिकामा.

‘माझं काय चुकलं?’ मी विचारलं.

‘चुकलं कुठे?’ बाबा म्हणाले. ‘तुला किल्ली नाही. यापुढे तू बेल वाजवायची.’

‘आम्ही उघडणार,’ डॉक्टर म्हणाला. ‘मी जाईपर्यंत मी, नंतर बाबा. सुट्टीत आलो की पुन्हा मी. ठरलंय आमचं.’

ठरलंय आमचं! ही दोन माणसं आपापसात काहीतरी ठरवतात, मला न विचारता, माझ्यामार्फत निरोप न पाठवता! मी काहीतरी झणझणीत बोलणार होते. तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. दारात उभी राहून रडले, चपला पायात असताना. आई गेल्यापासून मी घरी आल्यावर कोणी उठून दार उघडलं नव्हतं. बाबा कावरेबावरे होऊन मला म्हणाले, ‘त्याला म्हणावं, पाणी आण.’ आणि मग स्वतःच जीभ चावून डॉक्टरकडे वळले, ‘पाणी आण रे.’

पाणी प्यायल्यावर माझं डोकं ताळ्यावर आलं. म्हटलं, ‘आणि तुम्ही दोघंही घरी नसाल तर?’

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता, डॉक्टरेट झालेल्याच्याही नाही. खिडकीतून आत्या म्हणाली, ‘माझ्याकडे बघू नका, मी उठणार नाही.’

दुसऱ्या दिवशी मी माझी किल्ली माझी मीच कापली. डॉक्टर त्याची किल्ली घेऊन नोकरीवर गेला, आणि प्रत्येक सुट्टीत येतो. दार स्वतः उघडतो आणि आत आल्या आल्या बाबांना विचारतो, रात्री स्वप्न काय पडलं. बाबा रोज एक रचून ठेवतात. माझी किल्ली पर्समध्ये तळाशी पडलेली असते. मी घरी आले की बेल वाजवते.